वेशीवरची म्हातारी

गोष्टीत एक म्हातारी असते.
वेशीवर, नाहीतर विहिरीच्या काठाला,
पाठीला कुबड, डोक्यात उवा.
तिला नाव नसतं.
राजपुत्र येतो, ती भाकरतुकडा मागते,
आणि त्यावरून पुढचं सगळं ठरतं.

मी सोहारला आले तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते.
वाटलं होतं, मी नावडती राणी :
गोठ्यात राहायचं, जाडंभरडं नेसायचं,
शेवटाला राजा न्यायला येतो.
क्रशर कंपनीच्या मेसमध्ये
चौसष्ट माणसांचा भात वैरता वैरता
भूमिका कधी बदलली, कळलं नाही.
एकदा डेगच्याच्या बुडात तोंड दिसलं,
तर म्हातारी.

तिघे आले एकाच विमानानं, दापोलीकडचे.
भाऊ नव्हेत, पण तिघे म्हटले की
थोरला, मधला, धाकटा होतातच.
थोरल्या जनार्दननं ताट पुढे केलं, माझ्याकडे बघितलं नाही.
मधला यासीन म्हणाला, मीठ कमी आहे.
खरंच कमी होतं.
धाकटा रोहिदास म्हणाला,
मौशी, तुम्ही जेवलात का?

झालं. पुढचं मला पाठ होतं.
नियमाप्रमाणे तीन वस्तू दिल्या :
बोराच्या लोणच्याची बरणी,
बॅलन्स भरलेलं सिमकार्ड,
आणि एक बजावणी.
तीन गल्ल्यांत फीर, चौथीत जाऊ नको,
तिथे एकजण उधारीवर सोनं देतो.

बजावणी मोडण्यासाठीच असते म्हणा,
नाहीतर गोष्ट हलत नाही जागची.
तो गेलाच. तिथून सलालाह,
तिथून कुठे, कोण जाणे.
राजकन्या मिळाली असेल. मिळो.
नायक गेल्या वाटेनं परतत नाही,
आणि म्हातारीनं वाट बघितली
असं कुठल्याच गोष्टीत येत नाही.
त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र राहूनच गेलं,
मी आपली वस्तू देत सुटले होते.
नव्हते जेवले.

फाटकाबाहेर मौज़ा बसते, बलुची,
सुकी मासळी आणि काळी लिंबं विकते.
माझी गोष्ट आटपाट नगरात सुरू होते,
तिची "होतं की नव्हतं" अशी.
पण तिच्यातही तीन भाऊ, वेशीवर म्हातारी,
फक्त भाकरीच्या जागी खजूर.
राक्षसाचा जीव माझ्याकडे पोपटात,
तिच्याकडे माशाच्या पोटातल्या डबीत.
आम्ही दोघी खूप हसलो.
मग मी विचारलं, म्हातारीचा जीव कशात असतो गं?
ती बराच वेळ मासळीवरच्या माशा वारत राहिली.
म्हणाली, आईला विचारायचं राहिलं.

आणि ते दोघे?
गोष्ट म्हणते, मागे वळून पाहिलं नि दगड झाले.
मग गोष्ट धाकट्याबरोबर घोड्यावर बसून निघून जाते.
मी इथेच असते, म्हणून सांगते.
अकरा वर्षं झाली. क्रशरवरून संध्याकाळी येतात
भुवयांत, पापण्यांत पांढरी भुकटी घेऊन,
ओळीनं, दगड चालावेत तसे.
मागे वळून पाहिलं असेल त्यांनी.
बहिणीचं लग्न होतं, घरावर पत्रा नव्हता.
मागे बघण्यात एवढं काय पाप?

दगडालाही भूक लागते,
हे सांगायला कुणाला सुचलं नाही.
जनार्दनला शुक्रवारी कढी लागते.
यासीन अजून म्हणतो, मीठ कमी.
मी मुद्दाम कमी घालते,
तेवढं एकच वाक्य तो माझ्याशी बोलतो.

तांदूळ पासष्ट माणसांचे भिजवते.
रात्री-अपरात्री कुणीतरी दार वाजवतं,
असं असतं ना.

काल वाजलं.
यासीन. गालावर हात. दाढ ठणकत होती,
लवंग आहे का, म्हणाला.
एक पुरली असती.
तीन दिल्या.